देवाच्या वहीत कोणी ‘कै.’ नाही

सामान्य काळातील बत्तिसावा रविवार (वर्ष क)
शुभवर्तमान : संत लूक २०:२७-३८



आजच्या शुभवर्तमानात सदूकी पंथाचे काही लोक प्रभू येशूकडे एक कोडे घेऊन येतात. एका स्त्रीचे लग्न झाले आणि मूल न होताच तिचा नवरा वारला. मोशेच्या नियमाप्रमाणे धाकट्या दिराने तिच्याशी लग्न केले, तोही वारला. असे करता करता सात भाऊ झाले आणि शेवटी ती स्त्रीही मरण पावली. मग पुनरुत्थानाच्या दिवशी ती कोणाची बायको ठरणार? सदूकी पुनरुत्थान मानीत नसत. त्यांना उत्तर नको होते, येशूचे हसे करायचे होते. त्यांच्या गोष्टीत त्या स्त्रीला नाव नाही, सात भावांना नावे नाहीत, एकाच घरातून सात वेळा प्रेत निघाले त्याचे दुःख नाही. आहे ते फक्त गणित.

कोण कोणाची बायको होती, कोणाचे लग्न किती वेळा झाले, हाच प्रश्न घेऊन आज जगात पुष्कळ माणसे जुन्या वह्या चाळीत बसलेली आहेत. पण त्यांचा हेतू निराळा आहे. इटलीतील जुन्या सरकारी नोंदवह्यांत आपल्या पूर्वजांचा शोध घेणाऱ्या लोकांविषयी मी बोलतो आहे. त्यांचे काम आपण थोडे समजून घेऊ या. सदूक्यांना न दिसलेली गोष्ट त्या कामात दिसते.

१८७६ ते १९१५ या काळात सुमारे १ कोटी ४० लाख लोक पोटासाठी इटली सोडून गेले. कोणी अर्जेंटिनाला, कोणी ब्राझीलला, कोणी अमेरिकेला. दिवंगत पोप फ्रान्सिस यांचे आजी-आजोबा आणि वडीलही १९२९ साली असेच जहाजाने अर्जेंटिनाला गेले होते. आज त्या लोकांची नातवंडे-पतवंडे आपले मूळ शोधत आहेत. काहींना इटलीचे नागरिकत्व हवे असते; गोव्यातील आपले बांधव पोर्तुगीज काळातील जन्मनोंदी शोधतात तसेच. २०२५ साली इटलीने याबाबतचा कायदा कडक केला. पणजोबांच्या आधारावर नागरिकत्व मिळण्याची वाट बहुतेकांना आता बंद झाली आहे. तरीही शोध थांबलेला नाही, कारण कागदासाठी सुरू झालेल्या शोधाला पुढे माणसांची ओढ लागते. इटलीच्या सरकारने या जुन्या वह्यांची छायाचित्रे ‘आंतेनाती’ नावाच्या संकेतस्थळावर सर्वांसाठी मोफत ठेवली आहेत. ‘आंतेनाती’ म्हणजे पूर्वज.

या वह्या कधीच्या? त्यापूर्वी माणसाचा जन्म, लग्न, मृत्यू लिहिणारी जागा म्हणजे चर्च. त्रेंत येथील धर्मपरिषदेने १५६३ साली ठरवले की विवाह धर्मगुरू आणि साक्षीदार यांच्यासमोर व्हावा आणि त्याची नोंद धर्मग्रामाच्या वहीत व्हावी. आपल्या धर्मग्रामाच्या कपाटात विवाहाची वही आहे, ती त्याच परंपरेतली. पुढे नेपोलियनच्या अमलात सरकारी नोंदी आल्या. दक्षिण इटलीत, नेपल्सच्या राज्यात, १८०९ पासून आणि सिसिली बेटावर १८२० पासून गावोगावच्या नगरपालिका या वह्या ठेवू लागल्या. इटली एक झाल्यावर १८६६ पासून हा नियम देशाच्या बहुतेक भागात लागू झाला. प्रत्येक वहीच्या दोन प्रती होत. एक गावात राही, दुसरी न्यायालयाकडे जाई. म्हणूनच भूकंप, आग आणि युद्धे सोसूनही त्यातले पुष्कळ वाचले.

पण वाचले म्हणजे वाचता आले असे नाही! अक्षर बोरूचे, शाई फिकी झालेली. तारखा आकड्यांत नव्हे तर शब्दांत लिहिलेल्या. कुठे महिना आकड्यात असलाच तर तोही फसवा. ‘७ब्रे’ असे दिसले की नवखा माणूस सातवा महिना, म्हणजे जुलै समजतो. प्रत्यक्षात तो सप्टेंबर असतो, कारण लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’ म्हणजे सात. तसेच ‘८ब्रे’ म्हणजे ऑक्टोबर, ऑगस्ट नव्हे. शिवाय पहिल्या मुलाला आजोबांचे नाव देण्याची रीत असल्याने एका गावात एकाच नावाचे चार-पाच चुलतभाऊ सापडतात. आपला कोणता, हे वडिलांच्या नावावरून ठरवावे लागते. नोंदीच्या तळाशी सही शोधावी तर कारकून लिहितो, यांना लिहिता येत नाही असे त्यांनी सांगितले. १८६१ साली इटलीत सुमारे तीन चतुर्थांश लोक निरक्षर होते.

अशा नोंदीत वडिलांच्या नावाआधी एक छोटा शब्द येतो. वडील हयात असतील तर ‘दी’, म्हणजे ‘चा’. आंतोनियोचा मुलगा जुझेप्पे. वडील वारले असतील तर ‘फू’. आपण लग्नपत्रिकेत किंवा कागदपत्रात नावाआधी ‘कै.’ लिहितो, सातबाऱ्यावर ‘मयत’ लिहितात, तसाच हा शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘होता’. शोधणाऱ्याला या दोन अक्षरांचा फार उपयोग होतो. १८२५ साली थोरल्या भावाच्या लग्नात ‘दी आंतोनियो’ आणि १८३१ साली धाकट्याच्या लग्नात ‘फू आंतोनियो’ दिसले, की वडील या सहा वर्षांत गेले हे कळते. मग तो त्या सहा वर्षांच्या मृत्यूच्या वह्या उघडतो.

आता लग्नांकडे येऊ. समजा, कोणी आपल्या खापरपणजोबांचा शोध घेत आहे. दक्षिणेतील एखाद्या गावचा तो शेतमजूर. पाच मुलांच्या जन्माच्या नोंदी मिळाल्या. पहिल्या तिघांची आई एक आणि शेवटच्या दोघांची आई दुसरीच. इटलीच्या नोंदीत लग्नानंतरही स्त्रीचे माहेरचे आडनाव कायम राहते, त्यामुळे फरक लगेच दिसतो. कारकुनाची चूक झाली का? हा दुसराच माणूस आहे का? मग लग्नाची नोंद सापडते आणि त्यात वराच्या नावापुढे एक शब्द असतो : ‘वेदोवो’. विधुर. त्यानंतर पहिल्या पत्नीचे नाव. पुढे त्याच्या मृत्यूच्या नोंदीत कदाचित दोघींची नावे एका ओळीत मिळतात. ‘पहिल्या विवाहात’ हिचा, ‘दुसऱ्या विवाहात’ तिचा.

दक्षिण इटलीत लग्नाच्या नोंदीबरोबर कागदांचे एक लहान पुडके शिवून ठेवीत. त्याला ‘प्रोचेस्सेत्ती’ म्हणतात. त्यात वधूवरांच्या जन्माचे उतारे असत. वडील वारले असतील तर त्यांचा मृत्यूचा दाखला, आणि मग संमतीचा अधिकार आजोबांचा म्हणून तेही नसतील तर त्यांचाही. कोणाचे आधी लग्न झालेले असेल तर त्या पहिल्या जोडीदाराचा मृत्यूचा दाखला त्यात असलाच पाहिजे. त्यामुळे एका लग्नाच्या पुडक्यात कधी कधी तीन पिढ्या सापडतात.

आपल्या त्या शेतमजुराच्या पुडक्यात पहिल्या पत्नीचा दाखला मिळतो. मृत्यूची तारीख पाहून शोधणारा जन्माच्या वहीकडे परततो, आणि तिसऱ्या मुलाचा जन्म त्या तारखेच्या अवघ्या काही दिवस आधीचा निघतो. बाळंतपणात आई गेली. मागे तीन लेकरे, त्यातले एक तान्हे. त्या माणसाने वर्षाच्या आत दुसरे लग्न केलेले असते. आज वाचणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येते, इतक्या लवकर विसरला? पण जरा थांबून विचार करावा. पहाटे दुसऱ्याच्या शेतावर जाणाऱ्या माणसाने तान्हे बाळ कोणाच्या हाती द्यायचे? आणि परक्या पोटची तीन लेकरे पदरात घेणारी ती दुसरी, तिची आठवण कोणी ठेवली? विधवा स्त्रीला तर कायद्याने दहा महिने थांबावे लागे. तेवढे दिवस तिची चूल कशी पेटली, हे कोणत्याच वहीत लिहिलेले नाही.

आणखी एक गोष्ट या वह्यांत दिसते. कधी एकाच जोडप्याच्या लग्नाच्या दोन तारखा मिळतात आणि वाचणारा गोंधळतो. कारण १८६६ नंतर इटलीत सरकार फक्त नगरपालिकेतले लग्न मानी. चर्चमधील विवाहाला कायद्याची मान्यता नव्हती. ती १९२९ च्या करारानंतर मिळाली. तोपर्यंत लोक दोन वेळा लग्न करीत. काही गरीब जोडपी फक्त चर्चमध्ये लग्न करीत आणि मग त्यांच्या लेकरांना सरकारी वहीत अनौरस लिहिले जाई. धर्मग्रामाच्या वहीत पती-पत्नी, सरकारी वहीत कोणीच नाही. एकाच वहीवर विसंबून माणसाविषयी मत बनवू नये, हे यातून शिकण्यासारखे आहे.

काही वेळा तर शोध पूर्ण थांबतो. नोंदीत लिहिलेले असते, आईवडील अज्ञात. नेपल्समध्ये अशा सोडून दिलेल्या बाळांना ‘एस्पोझितो’ हे आडनाव मिळत असे. आजही त्या भागात ते सर्रास आढळते. तिथे पूर्वजांची साखळी तुटते. माणसाच्या वहीला पुढे जाता येत नाही.

प्रियजनहो, आता पुन्हा शुभवर्तमानाकडे वळू या.

येशू सदूक्यांच्या गणिताचे उत्तर देत बसत नाही. ती पहिल्याची की सातव्याची, हे तो सांगत नाही. तो म्हणतो की या जगातली माणसे लग्न करतात आणि लग्न करून देतात, परंतु पुनरुत्थानाला पात्र ठरलेल्यांना पुन्हा मरण नाही. ती देवाची लेकरे आहेत. मोशेच्या त्या नियमाचा सगळा आधार मरण हा होता. भावाचा वंश बुडू नये, त्याचे नाव पुसले जाऊ नये म्हणून ते लग्न. जिथे मरणच नाही तिथे नाव पुसले जाण्याची भीती नाही. म्हणून तिथे स्त्री ही कोणाच्या वंशाची सोय नाही आणि कोणाची मालमत्ता नाही. ती स्वतःच्या नावाने देवासमोर उभी आहे. प्रेम तिथे संपत नाही. संपते ती ‘माझे की तुझे’ ही ओढाताण.

हे मी आज मुद्दाम सांगत आहे, कारण आपल्या घरांतही विधुर आहेत, विधवा आहेत, दुसरे लग्न केलेले आहेत. ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. विवाहबंधन मृत्यूपर्यंत असते आणि जोडीदाराच्या मृत्यूनंतर माणूस पुन्हा लग्न करण्यास मोकळा असतो. संत पौलानेही तसेच लिहिले आहे. त्यात पाप नाही. तरीही पुष्कळ घरांत एक अबोल दुःख राहते. दुसरी घरात आली की पहिलीचा फोटो भिंतीवरून उतरतो. तिच्या नावाने मिस्सा सांगायची तर घरात चोरून सांगावी लागते. मुलांना आईचे नाव काढायची भीती वाटते. दुसरीलाही वाटत राहते, मी कायम दुसरीच का? आणि त्या माणसाला दोघींपैकी एकीशी बेइमानी केल्यासारखे वाटत राहते. विधवेचे तर आणखी कठीण. तिने पुन्हा संसार मांडला की गाव बोलते, नाही मांडला तर तिच्याकडे कोणी फिरकत नाही.

अशा सर्वांनी ते प्रोचेस्सेत्तीचे पुडके आठवावे. दुसऱ्या लग्नाच्या कागदांत पहिलीचा दाखला असल्याशिवाय ते लग्न नोंदलेच जात नसे. पहिलीचे नाव दडवून दुसरीचा संसार उभा राहत नाही. पहिलीच्या नावाचा मान राखला तर दुसरीचा मान कमी होत नाही, उलट तिचे स्थान पक्के होते. ज्या घरात दुसरी आईच मुलांना म्हणते, चला, आज तुमच्या आईच्या कबरीवर मेणबत्ती लावू, त्या घरात पुनरुत्थानाचा विश्वास जिवंत आहे. तिला धर्मशिक्षण वेगळे द्यायला नको.

येशूच्या उत्तराचा दुसरा भाग तर आणखी खोल आहे. तो मोशेच्या जळत्या झुडपाची आठवण देतो. तिथे देवाने आपली ओळख कशी करून दिली? अब्राहामाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव. मोशेच्या काळी हे तिघे जाऊन कित्येक पिढ्या लोटल्या होत्या. इटलीच्या कारकुनाने त्यांच्या नावाआधी ‘फू’ लिहिले असते. आपण ‘कै.’ लिहिले असते. परंतु देव त्यांच्याविषयी ‘मी त्यांचा देव होतो’ असे म्हणत नाही. तो मृतांचा नव्हे, जिवंतांचा देव आहे आणि त्याच्या दृष्टीने सगळे जिवंत आहेत, असे येशू सांगतो. देवाच्या वहीत ‘फू’ हा शब्दच नाही.

नोव्हेंबर महिन्यात आपल्यातील निवृत्तिवेतन घेणारी वडीलधारी मंडळी बँकेत हयातीचा दाखला देण्यासाठी जातात. मी जिवंत आहे, हे दरवर्षी सिद्ध करावे लागते! आणि याच महिन्यात आपण दफनभूमीत जाऊन आपल्या मृतांसाठी प्रार्थना करतो. जळत्या झुडपापाशी देवाने अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांना स्वतः हयातीचा दाखला दिला. आपल्या मृतांनाही तो देणार आहे. आजच्या पहिल्या वाचनात मक्काबीच्या काळातील सात भाऊ आणि त्यांची आई छळ सोसत मरणाला सामोरे गेले ते याच भरवशावर. सदूक्यांचे सात भाऊ कोड्यासाठी होते. हे सात भाऊ साक्षीसाठी मेले. त्यांचीही नावे त्या वाचनात आलेली नाहीत. पण देवाला ती ठाऊक आहेत. एस्पोझितो आडनाव लागलेल्या बाळाची आईही त्याला ठाऊक आहे. बाळंतपणात गेलेली ती पहिली, तीन लेकरे वाढवणारी ती दुसरी, आणि सही करता येत नाही म्हणून मान खाली घालून उभा असलेला तो शेतमजूर, हे सगळे त्याच्यासमोर आहेत. आपले शिष्य आनंदी व्हावेत ते त्यांची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत म्हणून, असे येशूने सांगितले आहे. त्या स्वर्गातल्या वहीची शाई फिकी होत नाही.

मग आपण काय करावे? या आठवड्यात घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा. त्यांच्या आठवणीतली नावे एका कागदावर लिहून घ्या. आजोबा-पणजोबांची तर लिहाच, पण आजीचे आणि पणजीचे माहेरचे आडनावही विचारा. वंशावळीत ते नेहमी गळते. आजोबांची पहिली बायको कोण होती, ते विचारा. जन्मून काही दिवसांतच गेलेली बाळे, लग्न न झालेली आत्या, दूर मुलुखी जाऊन परत न आलेला काका, यांची नावे लिहा. एखादे नाव अडले तर धर्मग्रामाच्या कार्यालयात विचारा. स्नानसंस्काराच्या वहीत माणसाच्या नावाशेजारच्या समासात त्याच्या दृढीकरणाची आणि विवाहाचीही नोंद ठेवण्याचा ख्रिस्तसभेचा नियम आहे. समासातल्या त्या बारीक अक्षरात कधी कधी घरात कोणाला ठाऊक नसलेली गोष्ट मिळते. मिळाली तर तिच्यावरून कोणाचा न्याय करू नका. त्या माणसासाठी प्रार्थना करा. आणि मग ती सगळी नावे या महिन्यातल्या मिस्साच्या हेतूंत द्या. पहिलीचे आणि दुसरीचे नाव एकाच कागदावर असू द्या.

हे परमेश्वरा, अब्राहाम, इसहाक आणि याकोब यांच्या देवा, आमच्या घरातून गेलेल्या सर्वांना तुझ्या प्रकाशात ठेव. ज्यांची नावे आम्ही विसरलो त्यांना तू विसरला नाहीस, याबद्दल तुझे आभार मानतो. एकटे राहिलेल्यांना धीर दे, पुन्हा संसार मांडलेल्यांच्या घरात शांती दे, आणि आम्हा सर्वांना शेवटी तुझ्या एका घरी एकत्र आण. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताद्वारे. आमेन.